बूच बसलं का, वहिनी?

वहिनी, तुमचं विरजण अजून जिवंत आहे.

आज सकाळी बरणीवरचं फडकं सोडलं, तर आल्याच्या किसाखालून बुडबुडे एकामागोमाग एक वर येत होते. मी तिथेच उभी राहिले. तुमचं तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुमच्या साड्यांच्या घड्यासुद्धा कुणाकुणाला देऊन झाल्या. आणि तुम्ही स्वतःच्या हातांनी लावलेलं हे विरजण मात्र रोजच्यासारखं श्वास घेत होतं. मी मोजमापावर पोट भरणारी बाई. कारखान्यात माल तपासताना मला कशाचं नवल वाटत नाही. एक तर तो मापात असतो किंवा नसतो. पण त्या बरणीसमोर माझे हात आपोआप जोडले गेले. मग चमचाभर आलं आणि चमचाभर साखर घातली, फडकं बांधलं आणि कामावर गेले.

त्या विरजणापासून जे पेय व्हायचं त्याला आपल्या घरात बिअर म्हणायची सोय नव्हती. पलीकडच्या वाडीतली रोझीमावशी नाताळाला आल्याची बिअर करायची, तिच्याकडून तुम्ही ती शिकलात. सासऱ्यांनी नाव ऐकलं आणि जेवणाच्या ताटावरून उठायला निघाले. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात म्हणे, "बिअर कसली, मामा? आल्याचं पानी आहे. फेस येतो येवढंच." तेव्हापासून ते आल्याचं पानीच राहिलं. एका एकादशीला सासऱ्यांच्या बहिणीने, आपल्या आत्यांनी, हिशेब मांडला, की आलं, लिंबू आणि साखर, तिन्ही उपासाला चालतात, आणि दोन पेले रिचवून ओट्यावर बसून ओव्या म्हणायला लागल्या. संपेचनात. तुम्ही पदर तोंडात कोंबून माझ्याकडे बघत होतात आणि मी, नवीन लग्न झालेली, हसावं की नाही ते न कळून पातेलं घासत बसले होते. या घरात मला आपलं वाटलं ते त्या दिवशी. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

माझं माहेर साताऱ्याकडचं, तिथे बाटलीबंद म्हणजे दुकानातलं. त्यामुळे तुम्हाला पहिल्यांदा बूच बसवताना पाहिलं त्या दुपारचा देखावा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मागच्या पडवीत तुम्ही पाटावर बसलेल्या. समोर भंगारवाल्याकडून आणून, उकळत्या पाण्यात धुऊन पालथ्या घातलेल्या तपकिरी बाटल्या. हातात रोझीमावशीच्या नवऱ्याने बोटीवरून आणलेला तो चिमटा. मधे लोखंडी वाटी, दोन बाजूंना दोन दांड्या. वाटीत लोहचुंबक, त्यामुळे पत्र्याचं बूच आत चिकटून राहायचं. चिमटा बाटलीच्या तोंडावर ठेवायचा, त्याच्या जबड्यांनी मानेवरचं कडं पकडायचं आणि दोन्ही दांड्या एकाच वेळी, एकाच जोराने खाली आणायच्या.

"धर गो," तुम्ही मला म्हणालात.

"काय धरू?"

"बाटली. दोन्ही हातांनी. घट्ट नाय, पोराचं डोकं धरतात तशी."

मी धरली. तुम्ही दांड्या खाली नेल्या आणि तशाच दाबून ठेवल्या. माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, माझं काही चुकलं.

"बसलं?" तुम्ही विचारलंत.

"मला काय माहीत?"

"तुलाच माहीत. माझ्या हातात दांड्या आहेत, तुझ्या हातात बाटली. बूच बसलं की काच जराशी हालते. तुला कळंल, मला नाय कळनार."

खरंच कळलं. चौथ्या-पाचव्या बाटलीला. अगदी बारीक, काचेतून तळव्यात येणारा एक हादरा, दार लागताना भिंतीला येतो तसा. मी "बसलं" म्हटल्यावरच तुम्ही दांड्या वर घेतल्यात. तो तुमचा नियम होता: धरणाऱ्याने "बसलं" म्हटल्याशिवाय दाबणाऱ्याने हात सोडायचा नाही. आणि दाबणाऱ्याने विचारल्याशिवाय धरणाऱ्याने बोलायचं नाही. मी कधी "बूच मारायचं" म्हटलं की तुम्ही थांबवायचात. "मारायचं नाय. बसवायचं."

माझ्याआधी बाटली धरायला माझा नवरा, मोहन, असायचा. तुम्ही या घरात लग्न होऊन आलात तेव्हा तुमचा हा धाकटा दीर शाळेत होता. कधी त्याने धरायची नि तुम्ही दाबायचं, कधी उलट. तो अजून सांगतो, की दादा रागावला की मी पडवीत वहिनीकडे जायचो, ती काही विचारायची नाही, नुसती म्हणायची, "धर."

एकदा मी एक न लावलेलं बूच घेऊन त्याचे दात मोजले. एकवीस. माझी सवयच ती. तुम्हाला सांगितलं, बघा, मुद्दाम विषम संख्या ठेवलेली दिसते. त्यामुळे दातासमोर दात येत नाही, दातासमोर खाच येते. तुम्ही बूच हातात घेतलंत, एकेका दाताला नख लावून स्वतः मोजलंत आणि कपाळाला लावलंत.

"एकवीस! म्हनजे दुर्वाच की."

मी हसले, पण नंतर पुष्कळ दिवस विचार करत राहिले. पत्र्याची चकती, आत पातळशी गादी, एकवीस दात. आत विरजण साखर खातं, वायू फुगत असतो, चांगली जाड काच फोडील असा. आणि त्याला ही एवढीशी चकती आठवडेच्या आठवडे धरून ठेवते. मी माझ्या नोकरीत हजारो झाकणं तपासली, पण झाकण म्हणजे काय ते तुमच्या पडवीत मला कळलं.

मग वाटणी झाली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. कोण बरोबर, कोण चूक हे दोघे भाऊ जाणोत. विहीर तुमच्याकडे गेली, चिकूची झाडं आमच्याकडे आली, माजघरात भिंत उभी राहिली. भिंत ओली असतानाच मोहन चिडून मला म्हणाला, "दादानं आपल्याला बरोबर बूच लावलं." त्याचा आवाज मोठा, भिंत नवी. पलीकडून तुमचा आवाज आला:

"लावलं तर लावलं, मोहनभाऊजी. आतला गॅस तरी टिकंल!"

मोहन ओशाळला, मग हसला. त्या वाटणीत तेवढंच एक हसू. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. एका अंगणात, एका नळावर, वर्षानुवर्षं. काही निरोप असला तर भाऊजी, म्हणजे मोहनचे दादा, तुम्हाला सांगणार, तुम्ही मला, मी मोहनला.

राहिली होती ती मागची पडवी. तिथेही भिंत यायची होती. भाऊजींनी विटा उतरवून घेतल्या होत्या, बदामाच्या झाडाखाली त्यांची चळत लावून ठेवली होती. आणि भिंतीसाठी जी रेघ आखली होती, नेमकी तिच्यावर तुम्ही बाटल्यांचे क्रेट रचलेत.

"ते हलव. गवंडी येनार आहे," भाऊजी म्हणाले.

"आज नाय. कालच बुचं बसवलीत. आत गॅस चढतोय. धक्का लागला तर फुटंल, नि गवंड्याच्या डोळ्यात काच जाईल. तुम्ही भरून देनार का डोळा?"

गवंडी परत गेला. पुढच्या खेपेला पुन्हा नव्या बाटल्या. त्याच्या पुढच्या खेपेलाही. एक खेप पिऊन संपायच्या आत तुम्ही दुसरी लावायचात. लग्न, बारसं, नाताळ, गौरी, काहीही कारण. कारण नसेल तर "आलं स्वस्त झालंय." विटांवर शेवाळ चढलं. मी हे सगळं बघत होते, वहिनी, मापाची नजर आहे माझी. त्या रेघेवर रिकामे क्रेट मी एकदाही पाहिले नाहीत. एकदाही तुम्हाला विचारलं नाही, आणि तुम्हीही बोलला नाहीत.

आपलं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तुमचं मनगट दुखायला लागलं होतं. चिमट्याने लावलेली बुचं मी माझ्या मोजपट्टीने तपासली. चांगलं बसलेलं बूच बाहेरून साधारण पावणेएकोणतीस मिलिमीटर भरलं पाहिजे. तुमची काही त्याहून बारीक, काही जाड; एकाच बुचाला एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. क्रेटमागे एखादी बाटली फुसकी निघायचीच. शिवाय आखूड मानेच्या बाटलीला चिमट्याचा जबडा धरायला कडंच सापडत नाही, आणि जोर तिरका गेला तर मान तडकते. म्हणून मी टेबलावर बसवायचं यंत्र मागवलं. खाली पाया, उभा लोखंडी खांब, एकच लांब दांडी. बाटली पायावर ठेवा, दांडी ओढा, झालं. बाटली कुणी धरायला नको. जोर सरळ वरून येतो, सगळ्या बाजूंनी सारखा.

त्या संध्याकाळी तुम्ही त्यावर एक क्रेट भरलात. मी प्रत्येक बूच मोजलं. सगळी एकसारखी. महिनाभराने उघडली, एकही फुसकी नाही.

"तुझा खांब चांगला आहे गो," तुम्ही म्हणालात.

"मग?"

"मग काय? चांगला आहे."

आणि पुढच्या खेपेला पुन्हा चिमटा काढलात. मी चिडले. म्हटलं, "वहिनी, कारण सांगा. चिमट्याने बाटल्या गळतात, मनगट दुखतं, वेळ दुप्पट लागतो. एक तरी गोष्ट त्याच्या बाजूने सांगा."

तुम्ही विचार केलात. "बाटल्या उंच-बुटक्या असतात. खांब दर वेळी वरखाली करावा लागतो."

"सारख्या उंचीच्या बाटल्या मी निवडून देते. तुळिंजला भंगारवाल्याकडे ढिगाने आहेत."

"नि मग तुझं काय काम?"

"काहीच नाही. तेच तर म्हणतेय. एकटीला जमतं."

"एकटीला जमतं," तुम्ही माझेच शब्द सावकाश परत म्हटलेत, बूच पाण्यातून काढलंत, वाटीत चिकटवलंत. "धर."

मी धरलं. तो खांब माळ्यावर गेला. पुढे जेव्हा जेव्हा एखादी बाटली फुसकी निघाली तेव्हा मी ती तुमच्यासमोर आपटून ठेवायचे आणि म्हणायचे, "खांब!" तुम्ही म्हणायचात, "आत्यांना दे, त्यांना कळत नाय." हा वाद आपण मिटवला नाही. आता मी आकड्यांनी जिंकलेली आहे आणि ऐकायला समोर कुणी नाही.

निदान तपासा तरी, म्हणून मी वालीवच्या एका लेथवाल्याकडून पितळेची कडी कातून आणली. आतला व्यास बरोबर मापाचा. बसलेल्या बुचावरून कडी अलगद खाली उतरली तर बूच ठीक. अडली तर परत दाबायचं. तुम्हाला वापरून दाखवली. तुम्ही बोटावर फिरवून पाहिलीत, उजेडात धरलीत. "केवढी गुळगुळीत काढलीये!" म्हणालात. दुसऱ्या दिवशी पाहते तर तुमच्या किल्ल्यांचा जुडगा त्या कडीत. बुचावर ती तुम्ही कधीच ठेवली नाहीत, पण कमरेवरून कधी उतरवलीही नाहीत. दवाखान्यात नेताना तुम्ही जुडगा माझ्या हातात दिलात. "विरजनाला खायला घाल," एवढंच म्हणालात. मला वाटलं, चार दिवसांनी परत मागाल.

सुतकात मी मागच्या दाराने पडवीत जायची आणि बरणीत आलं-साखर घालायची. आत्यांनी एकदा पकडलं.

"अगो, सुतकात कोन विरजन लावतं का?"

"लावत नाही, आत्या. लावलेलं जगवतेय."

त्यांनी वाकून बरणीत पाहिलं. मग म्हणाल्या, "तिनं लावलेलं?"

"त्यांनीच."

"मग घाल. दोन चमचे घाल."

विरजणाशेजारी मोठी चिनीमातीची बरणी होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तुम्ही लावलेली खेप. ती बाटल्यांत भरायची राहून गेली होती. आणि त्यामुळे, विटा येऊन पडल्यापासून पहिल्यांदाच, रेघेवरचे क्रेट रिकामे होते. भाऊजींच्याही ते लक्षात आलं होतं. तुम्हाला खांदा देताना ते पुढे होते, मोहन मागे. एक शब्द नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते पडवीच्या दारात येऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी गवंडी येतोय. बरन्या उचला."

मी मोहनला सांगितलं. तो म्हणाला, "येऊ दे. आता काय राहिलंय?"

रविवारी दुपारी मी मोठी बरणी उघडली. चमच्याने चाखलं. गोडी जवळजवळ गेलेली, म्हणजे साखरेचं काम पूर्ण झालेलं. आणखी चार दिवस ठेवलं असतं तर आंबून फुकट गेलं असतं. आता नव्याने मोजून साखर घालायची, लिटरला सात ग्रॅम, बाटलीत वर दोन बोटं जागा सोडायची, आणि बूच. सगळं तुम्ही शिकवलेलं. ग्रॅम तेवढे माझे. बाटल्या धुतल्या, बुचं गरम पाण्यात टाकली. आणि माळ्यावरून खांब काढला. दुसरं काय करणार? एकटीच होते.

पहिली बाटली ठेवली, दांडी ओढली. जुडग्यातून सोडवलेली पितळेची कडी वरून उतरवली. अलगद खाली गेली. अचूक. मी दांडी धरून तशीच उभी राहिले, वहिनी. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. कुणी काही विचारलं नव्हतं.

दारात भाऊजी उभे होते. "आवाज कसला?"

"बूच बसवतेय."

"तो आवाज नाय हा." ते खांबाकडे बघत होते. "तिचा चिमटा कुठाय?"

"तुमच्याच कपाटात."

ते आत गेले. परत आले ते पंच्याने चिमटा पुसत. मला देऊन जातील असं वाटलं. ते बदामाखाली गेले, चळतीवरच्या चार विटा उचलून आणल्या, दोनावर दोन रचल्या आणि त्यावर बसले. गुडघे दुखतात त्यांचे, पाटावर बसता येत नाही.

"मला दाबता येत नाय," ते म्हणाले. "तिनं कधी हात लावू दिला नाय."

"मलाही नाही येत. मी धरायचीच."

"मग मी धरतो. तू दाब."

मी दाबलं. इतकी वर्षं समोर बसून पाहिलेलं, तरी दोन्ही हातांचा जोर सारखा कसा ठेवायचा ते हातांना माहीत नव्हतं. उजवी दांडी आधी गेली. टच्च आवाज झाला, बाटलीची मान तुटली आणि आल्याचं पाणी भाऊजींच्या पायांवर सांडलं. सगळ्या पडवीत तुमचा वास पसरला. हो, तुमचाच; आलं, लिंबाची साल आणि ओला पाट. 

आवाज ऐकून मोहन आमच्या दारातून आला. काच बघितली, खांब बघितला, विटांवर बसलेला भाऊ बघितला. "उजव्या हाताचा जोर जास्त पडला," तो मला म्हणाला. मी उठले. तो पाटावर बसला, चिमटा माझ्या हातातून घेतला, वाटीत बूच लावलं. भाऊजींनी नवी बाटली दोन्ही तळव्यांत धरली. पोराचं डोकं धरतात तशी. ते त्यांना कुणी शिकवलं असेल?

मोहनने दांड्या खाली आणल्या. सावकाश, दोन्ही बरोबरीने. हात विसरले नव्हते. आणि दाबून धरल्या.

आता नियम तुमचा होता, वहिनी. विचारल्याशिवाय धरणाऱ्याने बोलायचं नाही. सांगितल्याशिवाय दाबणाऱ्याने सोडायचं नाही. मोहन दांड्यांकडे बघत होता, भाऊजी बाटलीकडे. मोहनच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. मी मधे बोलू शकले असते, "बसलं असेल, सोडा." निरोप पोचवायची सवयच आहे मला. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. वाटलं, आता मी बोलले तर तुम्ही मला क्षमा करणार नाही.

"बसलं?" मोहनने विचारलं. 

भाऊजींचा जबडा हलला. मग हळूच म्हणाले, "बसलं."

दांड्या वर आल्या. दुसरी बाटली. "बसलं?" "बसलं." तिसरी. मी बुचं पुरवत होते, भरलेल्या बाटल्या पुढे सरकवत होते, आणि पितळेची कडी एकेकीवरून उतरवून बघत होते. दुसरं काही बोलणं झालं नाही. त्या एका शब्दावर त्यांनी रेघेवरचा क्रेट भरला. त्यांच्यात शेवटचं बोलणं कधी झालं होतं ते मी आठवून पाहिलं आणि सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाचीही मोजदाद नको होती. आपल्या पडवीत माझ्या डोळ्यांसमोर जे चाललं होतं ते मी नुसतं बघत होते, एकादशीच्या त्या दिवशी पातेलं हातात धरून बघत होते तशी.

तुम्ही चिमटा का सोडला नाहीत, हे मला आता कळलंय असं मी म्हणणार नाही. कदाचित खरंच बाटल्या उंच-बुटक्या होत्या म्हणूनच. कदाचित तुम्हाला जुन्या वस्तूची सवय होती. मी विचारलं होतं, तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आणि तुमच्या वतीने उत्तर लिहायचा मला अधिकार नाही. एवढं मात्र कबूल करते, की यंत्राची पारख करताना मी जे मोजलं त्यात एक माप घ्यायचं राहिलं होतं. गळती, जोर, वेळ, व्यास, सगळं मोजलं. त्याला माणसं किती लागतात हे मी दोष म्हणून धरलं.

संध्याकाळ होत आली तेव्हा शेवटची बाटली राहिली. मोहनने बूच लावलं, दांड्या खाली नेल्या.

"बसलं का, दादा?"

भाऊजी तळव्यांत बाटली धरून खाली मान घालून बसले.

"नाय," ते म्हणाले. "नाय बसलं. परत दाब."

मोहनने दांड्या वर घेतल्या आणि पकड नीट करायला चिमटा बाजूला धरला. तेवढ्यात, सवयीने, मी हात पुढे करून पितळेची कडी त्या बुचावर ठेवली.

वहिनी, कडी अलगद उतरली. बूच पहिल्याच दाबाला बसलं होतं.

मी कडी काढून मुठीत झाकली. मोहनने पुन्हा दांड्या खाली नेल्या.